दोन इंची

नवापुऱ्यात एकवीस वर्षं
माझ्या हाताखालून मखरं गेली.
महिरपी, मोर, कमळाच्या पाकळ्या.
तापल्या तारेनं थर्मोकोल कापताना
श्वाससुद्धा बेतानं सोडावा लागतो.
मग बंदी आली.
तार खिळ्याला टांगली, आणि मी दुपारचा झोपू लागलो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी
सूरसागरच्या काठी जायचो मी, कुणाला न सांगता.
देव तळाशी गेलेला,
माझं काम वर.
पालिकेची माणसं बांबूनं ओढत म्हणायची,
आ तो डूबतूंज नथी.
मी चपला बघत घरी यायचो.

सुनेचं नाव मृण्मयी,
आणि मातीला हात लावायचा नाही असा तिचा पण.
औषधाच्या कंपनीतली नोकरी सोडून
कलालीला, नदीच्या अंगाला, शेड घेतली भाड्यानं,
विटांचे हौद बांधले, काळं प्लॅस्टिक अंथरलं,
वीतभर पाणी.
मला म्हणाली,
बाबा, तराफे हवेत. दोन इंची शीट.
आठ-आठ इंचांवर भोकं.
नक्षी नको.

नक्षी नको!
गॅसवर पाइपचा तुकडा तापवून
मी भोकं पाडत बसलो, एका तराफ्याला चोवीस.
वास तोच. खोकलाही तोच.
एक भोक जरा सैल पडलं तर
तेवढ्या फटीतून उजेड आत गेला,
आठवड्यात पाणी शेवाळलं.
आयुष्यभर उजेड आरपार जावा म्हणून कोरलं,
आता एक कवडसाही परवडत नव्हता.

स्पंजच्या चौकोनात बी,
स्पंज प्लॅस्टिकच्या जाळीच्या पेल्यात,
पेला भोकात.
माशांच्या टाकीचा पंप रात्रंदिवस बुडबुडत असे.
वीज गेली की मृण्मयी बाही सारून
हौदात हात घाली आणि पाणी घुसळी,
ताक करावं तसं,
मुळं गुदमरतात म्हणे.
तराफा उचलला की खाली ती लोंबत,
पांढरी, ओली, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी.
पहिल्यांदा बघितली तेव्हा मी नजर वळवली.
काहीतरी उघडं बघितल्यासारखं झालं.

फत्तेगंजच्या कॅफेवाल्यानं विचारलं,
माटी वगर? तो शेमां ऊगे?
लेट्यूसचं पान चावून बघितलं त्यानं,
आणि भाव पाडून मागितला.

एका दुपारी ती बाजारात गेली असताना
मी एका तराफ्याच्या खालच्या बाजूला
कमळाची एक पाकळी कोरली.
एकच. उथळ.
मुळांखेरीज कोण बघणार होतं?

त्या भाद्रपदात विश्वामित्री चढली.
रात्री दोन वाजता शेडमध्ये शिरली,
पंप बुडाला, खताच्या पिशव्या विरघळल्या,
मीटर कुठं गेला तो गेलाच.
सकाळी आम्ही पुलावर उभे.
मगरी रस्त्यावर आल्याची बातमी होती, पुढं कुणी जाऊ देईना.
तेवढ्यात ती म्हणाली, बाबा, ते बघा.

बाभळीच्या शेंड्यांना अडकून
आमचे तराफे. मी मोजले अकरा.
हौदाच्या भिंतीवरून उचलले गेलेले,
लेट्यूससकट, हिरवे, हलत.
एकावर पाणसाप वेटोळं करून बसलेला,
जागा आरक्षित असल्यासारखा.
बाजूचा माणूस म्हणाला, हे बुडत कसं नाही?
या वेळी मी चपला बघितल्या नाहीत.

पाणी उतरायला तीन दिवस लागले.
चिखलात एक तराफा उलटा पडला होता,
पाकळी वर.
मृण्मयीनं अंगठ्यानं तिच्यातला गाळ पुसला.
बोलली काहीच नाही.
मीही नाही.

मग बाकीचे उचलले.
मुळांना जन्मात पहिल्यांदा माती लागली होती.
ती नळाखाली बसली
आणि एकेक मूळ बोटांत धरून धुवू लागली.
पाने पिवळी पडायला लागली होती,
फेकायचेच होते सगळे.
तरी धूत होती.
मी बादली भरून देत राहिलो.